दशरथ चुरीशी कोणी भांडेना

दशरथ चुरीशी भांडून जिंकेल असा माणूस डहाणूपासून तलासरीपर्यंत जन्माला यायचा होता. एस.टी.त कंट्रोलर. डहाणूच्या स्टँडवर खिडकीत बसून गाड्या सोडायच्या हे त्याचं काम, पण खिडकीत तो बसायचा कमी आणि फलाटावर उभा राहून ओरडायचा जास्त. भोंगा बिघडला तर महिना महिना कोणी दुरुस्तीचं नाव काढत नसे. त्याने "उधवाऽ, तलासरीऽ" अशी हाळी दिली की समोरच्या हॉटेलात बसलेले लोक अर्धा चहा टाकून पिशव्या उचलायचे.

आणि भांडणं तर विचारूच नका. कंडक्टरशी वेळेवरून, प्रवाशांशी रांगेवरून, रेशनवाल्याशी मापावरून. धाकटी डहाणू या कोळ्यांच्या गावाहून मासळीची पाटी घेऊन येणाऱ्या भिकीशी तर रोजचंच. ती म्हणायची, बोंबील आत्ता होडीतून उतरलाय. हा म्हणायचा, उतरला असेल, पण कोणत्या आठवड्यात ते सांग. ती पाटी डोक्यावर घेऊन चालू लागायची, हा तिला कोपऱ्यावरून परत बोलवायचा, आणि सगळी आळी दारात येऊन मजा बघायची. घरी सुधा, त्याची बायको. ती बोर्डीची, चिकूच्या वाडीत भावांच्या घोळक्यात वाढलेली, ऐकून घ्यायची तिला सवयच नव्हती. ही दोघं सकाळी उठून भांडायला लागली की शेजारणी म्हणायच्या, चला, चुरींकडे उजाडलं. वर्षा, त्यांची लेक, लग्न होऊन उमरगावला गेली तर तिला म्हणे सासरच्या शांततेने झोप येईना.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत दशरथचा आवाज बसला. फटाक्यांचा धूर लागला असेल, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. संक्रांत आली तरी आवाज घोगराच. डॉक्टर गोसालिया म्हणाले, चुरीभाई, ओरडून ओरडून घसा सुजलाय, थोडं ओछुं बोलो, आवाज कमी. चघळायच्या गोळ्या दिल्या, गुळण्या दिल्या, दंडात सुया टोचल्या, बिडी कमी करा असं जाता जाता सांगितलं आणि स्वतःच हसले. होळी झाली, पाडवा झाला. गोळ्यांचा रंग तेवढा बदलत गेला. घशात एकदा आरसा घालून बघायचं, नाहीतर बघू शकेल अशा माणसाकडे धाडायचं, एवढंच तर काम होतं. तेवढं सोडून त्या माणसाने बाकी सगळं केलं. दशरथ त्याच्याशीही भांडला, पण घोगऱ्या आवाजातलं भांडण डॉक्टरला गमतीचं वाटलं.

शेवटी नविनने, धाकट्या भावाने, त्याला मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नविन रेल्वेत बुकिंग क्लार्क. स्वभावाने इतका मऊ की खिडकीवर कोणी आवाज चढवला तर चूक नसताना माफी मागायचा. हॉस्पिटलात घशातून दुर्बीण घातली, तुकडा काढला, तपासायला पाठवला. रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरांनी दारातून विचारलं, पेशंटबरोबर कोण आहे? नविन उठला. म्हणाला, दादा, तू खाली चहा घेऊन ये तोवर. आणि दशरथ गेला. इथे त्याच्या गळ्याचा निकाल लागत होता आणि हा गृहस्थ कँटीनमध्ये चहा पाणचट आहे म्हणून मालकाशी हुज्जत घालत होता.

आत काय झालं ते त्याला फार उशिरा कळलं. ऐकणाऱ्याला मात्र आधीच कळलेलं बरं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राचा कॅन्सर आहे. अजून फार पसरलेला नाही. लाईटचा, म्हणजे किरणांचा, पूर्ण कोर्स घेतला तर आवाजासकट बरा होण्याची चांगली आशा आहे. पूर्ण कोर्स, हे त्यांनी पुन्हा एकदा बजावलं. नविनने मान हलवली आणि विचारलं, दादाला सांगायचं नाही ना? बाहेर पेशंटची रांग होती. डॉक्टर म्हणाले, ते घरचे तुम्ही ठरवा. झालं, घरच्यांनी ठरवलं. आपल्याकडे रीतच आहे तशी. कोर्टात आरोपीला निकाल वाचून दाखवतात, पण पेशंटला दाखवत नाहीत. त्याचा धीर सुटेल म्हणे. धीर सुटला होता नविनचा, आणि नाव घेतलं दशरथचं.

सुधाने ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. नविनने तिला मुलीची शपथ घातली. वहिनी, दादाला कळलं तर तो हाय खाईल, तुम्ही नेहमीसारखं वागा. नेहमीसारखं म्हणजे भांडायचं, आणि मरणाच्या दारातल्या माणसाशी भांडायला तिची जीभ उचलेना. तिने शेजारणीला सांगितलं, कोणाला सांगू नको म्हणून. शेजारणीने त्याच अटीवर पुढे सांगितलं. आठवड्याभरात सगळ्या डहाणूला माहीत झालं, एक दशरथ सोडून.

त्याला सांगितलं, साधी गाठ आहे, लाईट दिली की विरते. सोमवार ते शुक्रवार तो बोरिवलीला सुधाच्या मावसभावाकडे राहायचा आणि शनिवारी घरी यायचा. पहिले काही दिवस काही वाटलं नाही. मग गळ्याची कातडी करपली, तोंड कोरडं पडलं, पाणी गिळताना काचा गेल्यासारखं व्हायला लागलं. जिभेची चव गेली. साध्या गाठीला एवढं कशाला, असं तो विचारायचा. नविन म्हणायचा, मोठं हॉस्पिटल आहे दादा, ते सगळं मोठंच करतात.

पण शनिवार-रविवार मात्र मजेचे जायला लागले. भिकी दारात आली. त्याने नेहमीप्रमाणे बोंबलाला नावं ठेवली. ती काही न बोलता त्याने सांगितलेल्या भावाला देऊन गेली, वर मूठभर कोळंबी टाकून. दशरथ चकित झाला. रेशनवाल्याने माप भरून वर ओंजळ घातली. पांड्या ड्रायव्हर, जो वर्षानुवर्षं गाडी उशिरा काढून उलट उत्तरं द्यायचा, तो हात जोडून म्हणाला, भाऊ, तुमचंच बरोबर होतं. घरी सुधा तो म्हणेल ती भाजी करायची. त्याने मुद्दाम म्हणून पाहिलं, तुझ्या भावांनी वाडीची वाटणी करताना तुला फसवलं. या वाक्यावर पूर्वी ताटं आपटली गेली होती. सुधा म्हणाली, असेल. दशरथला वाटलं, चला, उशिरा का होईना, लोकांना आपली किंमत कळली. बोरिवलीला परत जाताना तो मिशीत हसत होता, हे आठवलं की पुढे त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

निम्मा कोर्स झाला आणि आवाज परत आला. पूर्वीचा नाही, पण स्वच्छ. शनिवारी स्टँडवर जाऊन त्याने हौसेने एक बोर्डीची गाडी पुकारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी कोणी डोळे पुसले, ते त्याला कौतुक वाटलं. संध्याकाळी त्याने घरी जाहीर केलं, गाठ विरली. आता मी जाणार नाही. गळ्याची भाकरी करून घ्यायची मला हौस नाही.

तेव्हा खोलीत सुधा होती, नविन होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बोलायचं म्हणजे का जायचं ते सांगायला लागलं असतं. नविन एवढंच म्हणाला, "दादा म्हणेल तसं." सुधाच्या ओठांवर आलं होतं. ते तिने पदराने पुसून टाकलं. उभ्या आयुष्यात ज्या बाईने त्याला मिठाच्या खड्यावरूनही जिंकू दिलं नव्हतं, तिने त्या दिवशी एवढं मोठं भांडण त्याला फुकट देऊन टाकलं. नविन मुंबईला जाऊन डॉक्टरांना विचारून येतो म्हणाला. गेलाच नाही. काय तोंड घेऊन जाणार.

पुढच्या पावसाळ्यानंतर आवाज पुन्हा गेला. या वेळी नुसता गेला नाही. जिना चढताना गळ्यातून शीळ वाजायला लागली, आडवं झालं की जीव घुसमटायचा. पुन्हा मुंबई. जुने डॉक्टर नव्हते. एक तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं झालेली, समोर कागदांचा ढीग. तिने जुना रिपोर्ट पाहिला, आतून तपासलं आणि बाहेर पाठवायचं वगैरे काही न करता त्याच्यावरच उखडली. "कॅन्सरची लाईट अर्ध्यावर कोणी सोडायला सांगितली तुम्हाला? आवाज वाचला असता तुमचा. आता स्वरयंत्र काढावं लागेल."

दशरथने ते शब्द ऐकले. मागे वळून त्याने नविनकडे पाहिलं. नविन जमिनीकडे बघत होता. सुधाकडे पाहिलं. तिचे डोळे वाहत होते, पण चेहऱ्यावर नवल नव्हतं. एवढं त्याला पुरलं. तळपायाची आग मस्तकात गेली आणि ओरडायला तोंड उघडलं तर आतून नुसता वारा आला. घोगऱ्या कुजबुजीत त्याने विचारलं, "कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना," सुधा म्हणाली.

म्हणजे भिकीला. रेशनवाल्याला. पांड्याला. तो जिंकला म्हणून मिशीत हसत होता आणि अख्खं गाव त्याला दहाव्याला पान वाढावं तसं एकेक भांडण वाढत होतं. ती कोळंबी, ती ओंजळ, ते "तुमचंच बरोबर होतं". त्याला सगळं एकदम आठवलं आणि घाण वाटली. मरणाची नाही, त्याची भीती मागून आली. आधी आला तो राग. माझ्या आजाराचा निकाल लागतो आणि मला पोरासारखं चहा प्यायला धाडतात. एक जण, फक्त एक जण समोर उभा राहून म्हणाला असता, अरे मूर्खा, कॅन्सर आहे, गप जा, तर मी गेलो असतो. शिव्या घालत, पण गेलो असतो.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आला तेव्हा नाकात नळी आणि गळ्याच्या खाली, जिथे सदऱ्याचं वरचं बटण येतं तिथे, भोक. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. खोकला आला की तोही तिथून, बेडक्यासकट. ते झाकायला सुधाने जुन्या साडीचे पातळ रुमाल शिवले. आंघोळीचं पाणी गळ्याखालूनच घ्यायचं. समुद्र घरापासून हाकेवर, पण गुडघ्याच्या वर पाण्यात जायचं नाही. नाकाने हवा जात नाही तर वासही येईना. भिकीची पाटी दारात असली तरी डोळ्यांनी दिसेल तेव्हाच कळायचं. एस.टी.ने नोकरीत ठेवलं, पार्सलच्या खोलीत. तिथे हाळी द्यावी लागत नव्हती.

नविनने पाटी-पेन्सिल आणून दिली, लिहून सांग म्हणून. दशरथने ती पायाने सरकवली. त्याला घरच्यांना काही सांगायचंच नव्हतं. वर्षा येऊन रडली, तिच्याकडेही त्याने पाठ फिरवली. महिनोन् महिने तो सुधाने वाढलेलं खायचा, रुमाल बदलायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. सुधा एकटीच बोलत राहायची, खालच्या आवाजात, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं. तिच्या त्या मऊ आवाजानेच त्याचं डोकं जास्त फिरायचं.

तपासणीला गेला असता हॉस्पिटलात विपुलभाई भेटला. वापीचा साडीवाला, त्याच्याही गळ्याला तसंच भोक. आणि हा माणूस बोलत होता. आवाज खरखरीत, पोटातून आल्यासारखा, मधेमधे तुटणारा, पण शब्द स्पष्ट. त्याने समजावलं, हवा तोंडाने घशात ढकलायची आणि ढेकर देतो तशी वर आणायची. त्या ढेकरावर शब्द बसवायचा. घरचे नाक मुरडतील, मुरडू देत. दर गुरुवारी तो नव्या पेशंटना शिकवायला हॉस्पिटलात यायचा.

दशरथ गुरुवारी जायला लागला. घरी आला की डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांत जाऊन उभा राहायचा आणि ढेकर द्यायचा. सुरुवातीला पोट फुगायचं, हवा खाली जायची ती वर येईना. आली तर शब्द येईना. शुक्री म्हणून एक म्हातारी तिथे काटक्या गोळा करायची. तिला वाटलं याला अजीर्ण झालंय, तिने ओवा आणून दिला. त्याला राग आला आणि त्या रागात पहिला शब्द नीट बाहेर पडला. "नको." म्हातारी घाबरून काटक्या टाकून पळाली. दशरथ बराच वेळ तिथेच उभा राहून तोच शब्द झाडांना ऐकवत होता.

शब्द जमायला लागल्यावर तो पहिल्यांदा भिकीसमोर जाऊन बसला. पाटीतल्या बोंबलाकडे बोट केलं, हवा गिळली आणि म्हणाला, "शिळे." भिकीने तोंडावर हात घेतला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, भाऊ, तू द्यायचं ते दे, नाही दिलंस तरी चालेल. दशरथने हातातला बोंबील पाटीत आपटला आणि रिकाम्या हाताने घरी आला. गळा गेला होता. पण त्याला खरं खात होतं ते हे, की तो अजून जिवंत आहे हे कोणी मानायलाच तयार नव्हतं.

नव्वद सालच्या थंडीत मानेच्या डाव्या बाजूला, कानाखाली, काहीतरी कडक लागायला लागलं. तिघं मुंबईला गेली. तपासणी झाली, सुई घालून पाणी काढलं, दोन दिवसांनी बोलावलं. नर्सने दारातून हाक मारली, चुरींचे नातेवाईक, आत या. नविन सवयीने उठला. सुधाही उठली. नविन म्हणाला, दादा, तू जरा—

दशरथने दाराच्या चौकटीवर हात आडवा टाकला. बाकावरचे लोक बघायला लागले. त्याने हवा गिळली, एकदा चुकली, पुन्हा गिळली.

"गळा माझा," तो म्हणाला. मग दुसरा दम घेऊन, "मला सांगा."

तीच डॉक्टरीण होती. तिने नविनकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. त्याला बसवून, त्याच्याशी, त्याच्या डोळ्यांत बघून ती बोलली. गाठ आहे. कॅन्सरचीच आहे. मान उघडून काढावी लागेल, खांदा कायमचा दुखत राहील, हात वर जाणार नाही. काढली नाही तर वाढेल आणि गिळणं बंद होईल. दशरथने विचारलं, "वाचेन?" ती म्हणाली, "निम्मी आशा आहे. जास्त सांगितलं तर खोटं होईल." दशरथने मान हलवली. दोन-अडीच वर्षांत तिच्याखेरीज त्याच्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं.

बाहेर येऊन तो बाकाशी उभा राहिला. खिशातून स्वच्छ रुमाल काढून गळ्याला बांधला. म्हणाला, "पुरे. घरी."

नविनचे डोळे भरले. त्याने भावाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "दादा म्हणेल तसं."

"तू गप्प बस," सुधा म्हणाली. हळू नाही. जिन्यावरचे लोक थांबले इतक्या मोठ्याने. मग ती दशरथकडे वळली. "आणि तुम्ही. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात नाही जात, आणि मी मूग गिळून बसले. माझ्या त्या गप्प बसण्याने तुमचा गळा खाल्ला. या वेळी मी ऐकून घेणार नाही. कापायचं म्हटलंय ना तिने, मग कापून घ्यायचं."

दशरथने हवा गिळली. नविन हाताने तिला खुणावत होता, थांबा वहिनी, दादाला बोलू द्या. सगळे तसंच करायचे, दशरथ हवा गिळायला लागला की माना वाकड्या करून, दयेने वाट बघत उभे राहायचे. सुधा थांबली नाही. म्हणाली, खांदा दुखेल म्हणून घाबरलात का. स्टँडवर चार माणसांची गचांडी धरायचात तेव्हा नाही दुखला तो. नोकरी सुटेल म्हणून? सुटू दे, पार्सलं मोजायला कोणी लागून राहिलेलं नाही. त्याने "ऐक" म्हणेपर्यंत ती दोन वाक्यं पुढे गेलेली असायची. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या, भोकावरचा रुमाल फडफडायला लागला. तो म्हणाला, "तूच लपवलंस." ती म्हणाली, हो, लपवलं, त्याची शिक्षा मला द्या, स्वतःच्या गळ्याला कशाला देता. तो म्हणाला, "निम्मीच." ती म्हणाली, निम्मी कमी वाटते का तुम्हाला, भिकीच्या पाटीतलं निम्मं तर कधी सोडलं नाहीत.

बाकावरचा एक म्हातारा उठून आला. बाई, हळू घ्या, आजारी माणूस आहे, असं म्हणाला.

"आजारी आहेत म्हणूनच भांडतेय," सुधा म्हणाली. "मेल्यावर कोणाशी भांडू?"

दशरथ हवा गिळत राहिला. शब्द होते, पण तिच्या वेगाला ते पुरे पडत नव्हते, आणि तिला त्याची दया येत नव्हती. तिचा आवाज फाटला, पदर खांद्यावरून घसरला, तरी ती मागे हटली नाही. तो तिच्याकडे बघत होता. हळूहळू तो मागच्या बाकावर बसला. म्हणाला, "किती बोलतेस." ते बोलायला त्याला दोन दम लागले.

मग तो उठला. नविन मागे येत होता, त्याला त्याने हातानेच थांबवलं. डॉक्टरणीच्या खोलीचं दार ढकलून त्याने आत डोकं घातलं आणि विचारलं, "कधी?"